पाच लाखांचा आकडा : जॉन पिल्जर यांच्या एका माहितीपटाच्या खेळाचे प्रकरण

दक्षिण इंग्लंडमधील एका मराठी मंडळात २०२४च्या वसंतात जे घडले, त्याची ही नोंद आहे. मंडळाचे, गावाचे आणि सभासदांचे नाव दिलेले नाही. व्यक्ती त्यांच्या कामावरून ओळखाव्यात. मी त्या वेळी मंडळाचा चिटणीस होतो आणि ज्या निर्णयांची चर्चा पुढे केली आहे त्यांपैकी दोन माझ्या मताने झाले, त्यामुळे हे टिपण त्रयस्थाचे आहे असा दावा मी करणार नाही.

पार्श्वभूमी

आमच्या मंडळात तीसेक कुटुंबे आहेत. महिन्यातून एकदा भाड्याच्या सभागृहात जमायचे, एका महिन्यात गाणे किंवा व्याख्यान आणि दुसऱ्या महिन्यात एखादा माहितीपट, असा क्रम बरीच वर्षे चालत आला आहे. माहितीपट निवडण्याचे काम एका निवृत्त डॉक्टरांकडे आहे. मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात. खेळापूर्वी ते स्वतः मराठीत चार पानी परिचयपत्रक लिहितात, आणि अनेक सभासद सांगतात की चित्रपट विसरला तरी काकांचे पत्रक घरात राहते.

पत्रकार आणि माहितीपटकार जॉन पिल्जर हे काकांच्या आयुष्यात १९७९ साली आले. ऑक्टोबर संपत आला होता, आयटीव्ही वाहिनीचा अडीच महिन्यांचा संप नुकताच मिटला होता, आणि रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या खोलीत पाचसहा जण रात्री दूरचित्रवाणीसमोर बसले होते. पडद्यावर कंबोडिया होता. हुकूमशहा पोल पॉटची राजवट कोसळल्यानंतर त्या देशात काय उरले होते ते दाखवणारा ‘इयर झिरो’ हा पिल्जर आणि दिग्दर्शक डेव्हिड मन्रो यांचा माहितीपट त्या रात्री दाखवला गेला. त्यानंतर ब्रिटनमधील सामान्य माणसांनी आपणहून पाठवलेली मदत लक्षावधी पौंडांच्या घरात गेली, आणि तीत काकांच्या त्या महिन्याच्या पगाराचाही काही भाग होता. पिल्जर ज्या ‘डेली मिरर’मध्ये लिहीत त्याची कात्रणे काकांनी तेव्हापासून जपून ठेवली आहेत.

या आदराचा आधार नुसता भावनिक नव्हता, हे नोंदवले पाहिजे. १९३९ साली सिडनीत जन्मलेल्या या पत्रकाराने १९७० साली व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांच्या मनातील बंडाळी पडद्यावर आणली, १९९४ साली पूर्व तिमोरमधील हत्याकांड आणि इंडोनेशियाला शस्त्रे विकणारी पाश्चात्त्य सरकारे यांचा संबंध दाखवला, आणि २००४ साली हिंदी महासागरातील चागोस बेटांवरील रहिवाशांना ब्रिटिश सरकारने कसे हुसकावले ते सरकारच्याच कागदपत्रांतून मांडले. ‘आपल्याच सरकारला प्रश्न विचारणारा माणूस’ असे काका त्यांचे वर्णन करत. ३० डिसेंबर २०२३ रोजी पिल्जर लंडनमध्ये वारले, आणि जानेवारीच्या बैठकीत काकांनी प्रस्ताव ठेवला की एप्रिलचा माहितीपट त्यांच्या स्मरणार्थ असावा. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. कोणता माहितीपट, हा प्रश्न तेव्हा कोणीही विचारला नाही.

अडचण कुठे उभी राहिली

काकांनी निवडला तो इराकवरील निर्बंधांविषयीचा ‘पेइंग द प्राइस’. हा माहितीपट मार्च २०००मध्ये ब्रिटनमध्ये प्रसारित झाला. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ करून इराकवर सर्वंकष निर्बंध घातले. युद्ध संपले तरी ते उठले नाहीत. डिसेंबर १९९६पासून तेलाच्या बदल्यात अन्न आणि औषधे आणण्याची योजना सुरू झाली, परंतु मालाच्या करारांना परिषदेच्या समितीतील कोणताही सदस्य अडवू शकत असे. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील मानवीय मदतीचे समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली निषेधार्थ राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनीही २०००च्या प्रारंभी तेच केले. पिल्जर हॅलिडे यांना सोबत घेऊन इराकमध्ये फिरले होते.

काकांच्या पत्रकाचे पहिले पान मोठ्या अक्षरांत सुरू होत होते : ‘पाच लाख बालके’. त्याखाली लिहिले होते की निर्बंधांमुळे पाच वर्षांखालील पाच लाख मुले दगावल्याचे युनिसेफने सिद्ध केले, आणि अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतील राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांनी ही किंमत मोजण्याजोगी असल्याचे दूरचित्रवाणीवर मान्य केले.

पत्रकाचा मसुदा छपाईपूर्वी शुद्धलेखनासाठी दोघांकडे जातो. त्यांपैकी एक सभासद आरोग्यविषयक आकडेवारीच्या क्षेत्रात काम करते. खेळाला नऊ दिवस उरले असताना तिने काकांना आणि मला एकत्र बोलावले.

“काका, हा आकडा आता असा छापता येणार नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे पिल्जर खोटं बोलले असं म्हणायचं आहे का तुला?”

“नाही काका. त्या वेळी जे प्रसिद्ध झालं होतं तेच त्यांनी सांगितलं. मी आपल्या पत्रकाबद्दल बोलते आहे. ते आपण २०२४ साली छापतो आहोत.”

तिचे म्हणणे सविस्तर मांडतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. युनिसेफने इराकी सरकारच्या यंत्रणेबरोबर केलेले सर्वेक्षण ऑगस्ट १९९९मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारच्या ताब्यातील मध्य आणि दक्षिण इराकमध्ये दर हजार जन्मांमागे पाच वर्षांखालील मृत्यू १९८४ ते १९८९ या काळात ५६ होते, ते १९९४ ते १९९९ या काळात १३१ झाल्याचे त्यात नमूद होते. ऐंशीच्या दशकातील घट तशीच चालू राहिली असती तर १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत सुमारे पाच लाख मृत्यू कमी झाले असते, असे युनिसेफने म्हटले. म्हणजे तो मुळात मोजलेल्या मृत्यूंचा आकडाच नव्हता. एका गृहीतकाशी केलेल्या तुलनेतून निघालेला अंदाज होता, आणि त्यात युद्धाचे परिणामही मिसळलेले होते. त्याच सर्वेक्षणात उत्तरेकडील कुर्दी स्वायत्त प्रदेशातील बालमृत्यू दर घटल्याचे दिसले होते, तेव्हा निर्बंधांचे समर्थक त्यावर बोट ठेवून दोष सद्दामच्या कारभाराचा असल्याचे सांगत असत.

सद्दामची राजवट २००३ साली पडल्यानंतर इराकमध्ये अनेक सर्वेक्षणे झाली. मातांना त्यांच्या आधीच्या बाळंतपणांविषयी विचारून त्या काळातील दर पुन्हा काढता आले, आणि बालमृत्यूंतील ती झेप त्यांपैकी एकाही सर्वेक्षणात दिसली नाही. टिम डायसन आणि व्हॅलेरिया सेटोरेली या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हे सारे एकत्र मांडले आणि १९९९ची माहिती इराकी सरकारने हेतुपुरस्सर बिघडवली होती असा निष्कर्ष काढला.

पत्रकात आणखी एक घोटाळा होता, आणि तो सर्वस्वी आमचा होता. ही किंमत मोजण्याजोगी आहे का, हा प्रश्न मॅडलिन ऑलब्राइट यांना अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर विचारला गेला तो मे १९९६मध्ये, म्हणजे युनिसेफच्या सर्वेक्षणाच्या तीन वर्षे आधी. मुलाखतकर्तीच्या प्रश्नातील पाच लाखांचा उगम वेगळा होता : १९९५ साली बगदादमध्ये झालेल्या एका लहान पाहणीवरून काढलेला अंदाज, जो पुन्हा तपासल्यावर टिकला नाही आणि १९९७ साली मूळ संशोधकांपैकीच एकीने तसे जाहीर केले. आकडे योगायोगाने जवळजवळ सारखे होते. काकांनी, आणि त्यांच्यासारख्या असंख्यांनी, ते एकच समजून एका वाक्यात बांधले होते.

काकांचा प्रतिवादही हलका नव्हता. ऑलब्राइट बाईंनी आकडा नाकारला नाही, तो गृहीत धरून उत्तर दिले. तेव्हा त्या उत्तरातून दिसलेली वृत्ती आकडा चुकीचा ठरल्याने बदलत नाही, असे ते म्हणाले. स्वतः ऑलब्राइट यांनी पुढे त्या उत्तराबद्दल खेद व्यक्त केला होता, हेही त्यांनी आठवण करून दिले. त्यांची खरी भीती मात्र वेगळी होती. “हा आकडा आपण काढला की उद्या लोक म्हणतील, निर्बंधांनी काहीच झालं नाही. आणि ते म्हणणारे कोण असतील ते मला माहीत आहे.” ही भीती निराधार नाही. जी सर्वेक्षणे बालमृत्यूंची झेप नाकारतात ती औषधांचा तुटवडा, मोडलेली जलशुद्धीकरण केंद्रे आणि कंगाल झालेला मध्यमवर्ग नाकारत नाहीत. तरीही सभागृहात ऐकणारा माणूस हा फरक जपून घरी नेईल याची खात्री कोण देणार?

पुढ्यात असलेले पर्याय

कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. पहिला पर्याय चित्रपटच बदलण्याचा होता आणि तो एका अशा सभासदाने मांडला जिच्या घरात चागोसच्या विषयाला नाव आणि चेहरे होते. तिची आई मॉरिशसची. कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी त्यांचे एक कुटुंब. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९६५मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे त्याच्यापासून तोडली, आणि त्यांतील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारता यावा म्हणून १९७३पर्यंत सर्व बेटे रिकामी केली. बोटींतून आणून सोडलेली ती माणसे पोर्ट लुईच्या रोश ब्वासारख्या वस्त्यांत कशी राहत, ते तिच्या आईने पाहिलेले होते. शिवाय यांतील अनेकांना आणि त्यांच्या मुलांना २००२नंतर ब्रिटिश नागरिकत्व मिळाले आणि ती माणसे गॅटविक विमानतळाजवळच्या क्रॉलीत येऊन राहिली, म्हणजे आमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. ‘स्टीलिंग अ नेशन’ हा २००४चा माहितीपट दाखवला तर विषयाला आपल्याशी धागाही आहे आणि कोणी बोट ठेवील अशी जागाही नाही, असे तिचे म्हणणे होते.

मला तो पर्याय पटला होता, पण कारण चुकीचे होते, हे आज कबूल करतो. मला चागोसविषयी आस्था वाटली म्हणून नव्हे, तर नऊ दिवसांत वाद टळेल म्हणून पटला होता. काकांनी ते ओळखले. “हा सोयीचा सिनेमा झाला,” ते म्हणाले, आणि बैठकीत काही क्षण कोणी बोलले नाही.

दुसरा पर्याय इराकचाच माहितीपट दाखवून पत्रक न काढण्याचा होता. त्याला कोणी फारसा पाठिंबा दिला नाही, कारण पडद्यावरचा आकडा त्याने पुसला जाणार नव्हता. तिसरा पर्याय पत्रकाच्या पहिल्या पानावरच आकड्याची आजची स्थिती लिहून खेळापूर्वी ती वाचून दाखवण्याचा, आणि चौथा तीच माहिती खेळानंतरच्या चर्चेसाठी राखून ठेवण्याचा होता. तिसरा आकडेवारीवाल्या सभासदाचा आणि चौथा काकांचा.

बैठकीत एक उपप्रश्नही निघाला. पिल्जर यांच्या अखेरच्या वर्षांतील भूमिकांचे काय करायचे? सॉल्सबरीत २०१८ साली माजी रशियन हेर सर्गेई स्क्रिपाल यांच्यावर झालेल्या विषप्रयोगाबाबत ब्रिटिश सरकारचे सांगणे त्यांनी रशियाच्या सरकारी वाहिनीवर जवळजवळ धुडकावून लावले होते, आणि आमचे दोन सभासद त्याच शहराजवळ राहतात. सीरियाविषयीच्या त्यांच्या विधानांवरही कठोर टीका झाली होती. हा विषय स्मरणाच्या कार्यक्रमात नको, असे बहुमताने ठरले. त्याबद्दल मी आजही साशंक आहे, पण तो या प्रकरणाचा गाभा नव्हता.

काय ठरले आणि काय केले

चौथा पर्याय एका मताने जिंकला. ते मत माझे होते. काकांचा युक्तिवाद असा होता की आधी चित्रपट जसा आहे तसा पाहू द्यावा. डोळ्यांवर आधीच चष्मा चढवून प्रेक्षकाला बसवणे हा चित्रपटावर अन्याय आहे. एखाद्या कादंबरीबाबत मला हे आजही मान्य होईल. पण माहितीपट जेव्हा आकडा सांगतो तेव्हा तो प्रेक्षकाला सत्य सांगत असल्याचे वचन देत असतो, आणि ते वचन आता अर्धवट मोडले आहे हे आम्हाला ठाऊक होते, प्रेक्षकाला नव्हते.

पत्रकाचे पहिले पान मात्र काका आणि ती सभासद यांनी दोन संध्याकाळी एकत्र बसून नव्याने लिहिले. मथळा गेला. १९९६चा प्रश्न आणि १९९९चे सर्वेक्षण वेगळे केले. हॅलिडे आणि फॉन स्पोनेक यांच्या राजीनाम्यांना आणि करार अडवणाऱ्या समितीच्या कामकाजाला अधिक जागा मिळाली, आणि त्यामुळे मजकूर पूर्वीपेक्षा सरस झाला असे माझे मत आहे. आकड्याच्या फेरतपासणीचा परिच्छेद चौथ्या पानावर, चहापाण्याच्या सूचनेच्या वर गेला.

परिणाम

खेळाला नेहमीपेक्षा जास्त माणसे आली, साठेक असावीत. माहितीपट सव्वा तासाचा आहे. बसऱ्याच्या रुग्णालयातील मुलांची दृश्ये आली तेव्हा सभागृहात हुंदके ऐकू आले. दिवे लागल्यावर दोन मिनिटे कोणी उठले नाही. त्या शांततेत आमची सभासद उभी राहिली आणि तिने १९९९च्या आकड्याची कहाणी सांगायला सुरुवात केली.

तिने ते नेमके आणि सौम्यपणे सांगितले. काही उपयोग झाला नाही. नुकतीच मेलेली मुले पाहिलेल्या माणसांना ती मुले मोजणीत नव्हती असे सांगितले जात आहे, असे वाटले. एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, “मग आम्ही आत्ता पाहिलं ते काय होतं?” ती म्हणाली, “तुम्ही पाहिलं ते खरंच होतं. अशी किती मुलं होती, एवढंच मी सांगते आहे.” पण तोवर चर्चेला वेगळे वळण लागले होते. पुढचा पाऊण तास लोक पाच लाख खरे की खोटे यावरच बोलत राहिले. समितीने कोणते करार कसे अडवले, दोन अधिकाऱ्यांनी नोकरी का सोडली, ब्रिटनचा त्यात वाटा किती, यांतले काहीही निघाले नाही. काकांना ज्याची भीती होती तेही घडले : मागच्या रांगेतून एक जण म्हणाला की म्हणजे सगळा अपप्रचारच होता तर.

पुढच्या आठवड्यात दोन कुटुंबांनी लेखी नाराजी कळवली, एकाने माहितीपट दाखवल्याबद्दल आणि दुसऱ्याने त्यावर शंका घेतल्याबद्दल. त्या सभासदाने दोन महिने मंडळात येणे टाळले. तिला कोणी टाकून बोलले नव्हते, तरी ‘पिल्जरच्या तेराव्याला आकडे काढणारी’ असा एक शेरा तिच्या कानावर गेला होता, आणि तो कोणाचा हे मला माहीत असूनही मी त्याला विचारले नाही.

जूनमध्ये आम्ही चागोसवरचा माहितीपट दाखवला. या वेळी काकांनी मसुदा त्या सभासदाकडे स्वतःहून पाठवला, फोन करून. किती माणसे हुसकावली गेली हा आकडाही सर्वत्र सारखा नसतो. कोणी दीड हजार लिहितो, कोणी दोन हजार, कारण काहींना बोटीने नेले तर काहींना मॉरिशसला औषधपाण्यासाठी गेले असता परतच येऊ दिले नाही, आणि मोजणी कुठून करायची यावर उत्तर बदलते. पत्रकात ते तसेच लिहिले, पहिल्याच पानावर, आणि काकांनी ते खेळापूर्वी वाचून दाखवले. कोणालाही त्याने रसभंग झाल्यासारखे वाटले नाही. चर्चेत १९६६च्या सरकारी टिपणांवर, जिथे लंडनमधील अधिकारी बेटांवर समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी उरणार नाहीत असे लिहितात, तब्बल तासभर बोलणे झाले.

आज पुन्हा ठरवायचे झाल्यास

पहिली गोष्ट, जानेवारीतच कोणता माहितीपट हे विचारले असते तर नऊ दिवसांची घाई झाली नसती. दुसरी, दुरुस्ती खेळापूर्वी सांगायला हवी होती. प्रेक्षकाला तो आकडा पडद्यावर येण्याआधी त्याचे पुढे काय झाले हे माहीत असते, तर दृश्यांतील दुःख आणि मोजणीतील चूक ही दोन वेगळी खाती त्याला आपापल्या जागी ठेवता आली असती. नंतर सांगितलेली दुरुस्ती ही माघार वाटते, आणि ती ज्याच्या तोंडून येते त्याच्यावर राग निघतो. निदान ती काकांनी स्वतः सांगायला हवी होती. पंचेचाळीस वर्षे ज्याने पिल्जर यांना मानले त्याच्या तोंडून ती वेगळी ऐकू आली असती. आम्ही मात्र ते काम मंडळातील सर्वांत तरुण बाईवर टाकले.

तिसरी गोष्ट पिल्जर यांच्याविषयी आहे. अधिकृत सूत्रांवर विसंबू नये ही त्यांच्या कामाची पहिली अट होती. चागोसच्या वेळी त्यांनी सरकारी दप्तर सरकारच्याच विरोधात उभे केले. इराकमध्ये मात्र ज्या राजवटीचे ते मुळीच चाहते नव्हते तिच्याच यंत्रणेने गोळा केलेली माहिती संयुक्त राष्ट्रांचा शिक्का घेऊन त्यांच्यापर्यंत आली. २००० साली ती नाकारण्याला त्यांच्याकडे काही आधार नव्हता. त्या वर्षीच्या कोणत्याही पत्रकाराने तीच छापली असती, आणि बहुतेकांनी छापलीही. त्यांचा दोष कितपत, यावर आमच्या मंडळात एकमत नाही, आणि ते व्हावे असा आग्रहही मी धरलेला नाही. आपल्या पत्रकाचा दोष कितपत, यावर मात्र आहे.

आता नियम असा केला आहे की मसुदा तीन आठवडे आधी फिरवायचा आणि ज्या आकड्यावर मजकुराचा भार आहे तो कोणी, केव्हा आणि कसा मोजला हे त्याच वाक्यात लिहायचे. काका अजूनही म्हणतात की अशा तळटिपा मागच्या पानावर शोभतात. ती म्हणते पहिल्याच. जूनमध्ये तिचे ऐकले. सप्टेंबरच्या पत्रकात काकांनी त्या पुन्हा मागे नेल्या आहेत, आणि मसुदा सध्या तिच्याकडे आहे.